दुर्बिणीवर वेळ मिळण्याआधी आणि मिळाल्यावर: जमिनीवरून आणि अवकाशातून वेध कसा घेतात

कन्या तारकासमूहात वॅस्प-३९ नावाचा एक तारा आहे. त्याची प्रत (तेजस्वितेचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) १२.१, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधुक ताऱ्याच्याही अडीचशे पट अंधुक. १० जुलै २०२२ रोजी जेम्स वेब अवकाश दुर्बीण आठ तासांहून अधिक काळ फक्त या ताऱ्यावर रोखलेली होती. त्या वेळात ताऱ्याच्या बिंबासमोरून त्याचा ग्रह सरकत गेला आणि ग्रहाच्या वातावरणातून गाळून आलेल्या प्रकाशात कार्बन डायऑक्साइडची स्पष्ट खूण उमटली. सूर्यमालेबाहेरच्या एखाद्या ग्रहाच्या वातावरणात या वायूचा इतका निःसंशय पुरावा तोवर मिळाला नव्हता.

बातम्यांमध्ये ते आठ तास आले. त्याआधीच्या अकरा वर्षांचं काम मात्र फारसं कोणी सांगितलं नाही. हा ग्रह २०११ मध्ये सापडला तो जमिनीवरच्या वॅस्प प्रकल्पाच्या कॅमेऱ्यांतून. कॅनरी बेटांवर आणि दक्षिण आफ्रिकेत एकाच सांगाड्यावर आठ-आठ कॅमेरे बसवले होते आणि त्यांची भिंगं छायाचित्रकार वापरतात तसलीच, २०० मिलिमीटरची होती. त्यानंतर फ्रान्स आणि चिलीमधल्या वर्णपटमापकांनी, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मोजणाऱ्या उपकरणांनी, ग्रहाच्या ओढीने ताऱ्याचं होणारं मागेपुढे डुलणं मोजलं आणि ग्रहाचं वस्तुमान साधारण शनीएवढं असल्याचं ठरवलं. पुढे हबल आणि स्पिट्झर दुर्बिणींनी त्याचं वातावरण चाचपलं, आणि वेबची पाळी आली ती सगळ्यांत शेवटी.

निरीक्षण म्हणजे काय हे समजून घ्यायला या ताऱ्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही, म्हणून या लेखात बहुतेक वेळ त्याचाच हात धरून जाऊ. ‘सर्वांत भारी दुर्बीण कुठली’ या प्रश्नातून काही निघत नाही. आधी काय मोजायचं ते ठरतं, त्यावरून दुर्बीण ठरते, आणि एकट्या दुर्बिणीने भागलं असं फार क्वचित होतं.

पहिली पायरी: प्रश्न आकड्यांत मांडा

‘या ग्रहाच्या वातावरणाचा अभ्यास करायचा आहे’ एवढ्यावर कोणीही दुर्बिणीचा वेळ देत नाही. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर मोजता येईल. वॅस्प-३९ च्या बाबतीत तो असा होता: ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश सुमारे २.१ टक्क्यांनी घटतो. कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश जोरात शोषतो. तो वायू असेल तर नेमक्या त्या तरंगलांबीत ग्रहाचं वातावरण अपारदर्शक होईल, ग्रह किंचित मोठा भासेल आणि घट थोडी वाढेल. ही वाढ साधारण हजारात एका भागाच्या घरातली. ती आहे की नाही?

आता हिशेब सुरू होतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि कणांची संख्या मोजताना होणारी अनिश्चितता त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. १०,००० कण मोजले तर अनिश्चितता १०० ची, म्हणजे एक टक्का. हजारात एक एवढी अचूकता हवी तर १० लाख कण लागतात. पण ‘हजारात एक’ हा फरक खात्रीने दिसायला अनिश्चितता त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी तरी खाली यायला हवी, तेव्हा आकडा अडीच कोटींवर जातो. वेळ चौपट केला तर चूक फक्त निम्मी होते. आरसा केवढा हवा आणि तास किती हवेत, हे दोन्ही या एका नियमातून निघतं. ज्याला निरीक्षणाचं काम शिकायचं आहे त्याने हा वर्गमुळाचा हिशेब हाताने चार-पाच वेळा करून पाहावा असं मी आग्रहाने सांगेन. त्याशिवाय पुढचे सगळे निर्णय मनमानी वाटत राहतात.

दुसरा प्रश्न असेल तर दुसरे आकडे लागतील. दोन जवळजवळचे तारे वेगळे दाखवायचे असतील तर किती विकलांपर्यंतचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) तपशील हवा हे ठरवावं लागतं, आणि स्पंदन पावणारा तारा असेल तर दर किती सेकंदांनी मोजमाप हवं ते.

दुसरी पायरी: जमीन की अवकाश?

इथे पहिला निवाडा पृथ्वीचं वातावरण करतं. दृश्य प्रकाश खाली पोचतो. सुमारे ३०० नॅनोमीटरपेक्षा आखूड अतिनील किरण ओझोन अडवतो. क्ष-किरण आणि गॅमा किरण तर जमिनीपर्यंत येतच नाहीत, म्हणूनच १९९९ मध्ये नासाची चंद्रा दुर्बीण आणि २०१५ मध्ये भारताची ॲस्ट्रोसॅट वर पाठवावी लागली. अवरक्त प्रकाशाचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळून बराच भाग झाकून टाकतात आणि मधे काही फटी उघड्या राहतात. खगोलशास्त्रज्ञ त्यांना जे, एच, के अशा अक्षरांनी ओळखतात. रेडिओ लहरींसाठी मात्र मोठी खिडकी उघडी आहे.

४.३ मायक्रॉनचं काय? तिथे आपल्याच हवेतला कार्बन डायऑक्साइड आडवा येतो. ज्या वायूचा शोध दूरच्या ग्रहावर घ्यायचा, तोच डोक्यावर पसरलेला. शिवाय या तरंगलांबीत हवा आणि दुर्बीण दोन्ही स्वतःच्या उष्णतेने उजळलेल्या असतात. त्यामुळे या प्रश्नापुरता निकाल लागला: अवकाशात जायचं आणि तेही थंडगार दुर्बीण घेऊन. वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पाच पदरी सूर्यढालीच्या सावलीत असते, आणि तिचे आरसे उणे २२० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतात, ते याचसाठी.

याचा अर्थ जमीन दुय्यम असा अजिबात नाही. ग्रहाचं वस्तुमान काढायला ताऱ्याचा वेग सेकंदाला काही मीटर इतक्या बारकाईने मोजावा लागतो. चिलीतल्या ला सिया वेधशाळेतला हार्प्स वर्णपटमापक सेकंदाला एक मीटरच्या आसपासची अचूकता गाठतो. निर्वात टाकीत बंद केलेलं, तापमान काटेकोर सांभाळलेलं असं अवजड यंत्र जमिनीवरच परवडतं. आकाराचंही तसंच. वेबचा आरसा ६.५ मीटरचा, तर हवाईतल्या केक दुर्बिणी १० मीटरच्या, आणि चिलीत ३९ मीटरची एक बांधली जात आहे. जमिनीवरचं उपकरण काढून नवं बसवता येतं. हबलच्या आरशातला दोष डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्त करणारी उपकरणं बसवून भरून काढला, कारण ती पृथ्वीलगतच्या कक्षेत होती. वेबपर्यंत दुरुस्तीला जाणारं कोणी नाही.

तिसरा मुद्दा स्पष्टतेचा. दुर्बीण किती बारीक तपशील दाखवू शकेल हे तरंगलांबी भागिले आरशाचा व्यास यावरून ठरतं. १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीला दृश्य प्रकाशात १.४ विकला जमतात. १० मीटरच्या दुर्बिणीला कागदावर ०.०१४ विकला जमायला हव्यात, पण हवेतल्या कमी-अधिक उष्ण थरांमुळे ताऱ्याचं बिंब फिसकटतं. या फिसकटण्याला सगळे ‘सीइंग’च म्हणतात. हवाईतल्या ४,२०० मीटर उंचीच्या मौना केआ शिखरावरही चांगल्या रात्री सीइंग अर्ध्या-पाऊण विकलेचं असतं. म्हणजे प्रचंड आरसा प्रकाश भरपूर गोळा करतो, पण त्याची धार वाया जाते.

त्यावरचा उपाय म्हणजे अनुकूली प्रकाशकी. चिलीतल्या पारानाल वेधशाळेच्या एका ८.२ मीटर दुर्बिणीवरून नारिंगी रंगाचे चार लेझर झोत आकाशात सोडतात. सुमारे ९० किलोमीटरवरच्या सोडियमच्या थरात ते कृत्रिम ‘तारे’ उजळतात. त्या ताऱ्यांचं बिंब कसं थरथरतं ते पाहून एक लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलतो आणि हवेचा खेळ बराचसा पुसून टाकतो. अवरक्तात ही पद्धत उत्तम चालते, दृश्य प्रकाशात अवघड पडते, आणि आकाशाचा छोटासा तुकडाच सुधारतो. हबलचा आरसा फक्त २.४ मीटरचा, पण ०.०५ विकलांची धार तिला चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी मिळते.

माझं मत सरळ आहे. जे जमिनीवरून होऊ शकतं ते जमिनीवरूनच करावं. तरंगलांबी, स्थैर्य किंवा स्पष्टता यांपैकी कशाच्या तरी आड वातावरण खरोखर येत असेल, तेव्हाच अवकाश दुर्बिणीचा वेळ मागावा.

तिसरी पायरी: तारा हाताशी कधी येतो ते पाहा

जमिनीवरचा नियम सोपा आहे. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की पूर्ण काळोख होतो. तारा क्षितिजापासून ३० अंशांहून वर हवा, कारण ३० अंशांवर आपण डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवेतून पाहत असतो. अंधुक दीर्घिकांसाठी अमावास्येच्या आसपासच्या रात्री राखून ठेवतात, चांदण्या रात्री तेजस्वी ताऱ्यांच्या वर्णपटाला दिल्या तरी चालतात. वॅस्प-३९ चं विषुवांश (आकाशातला रेखांशासारखा आकडा) साधारण १४ तास २९ मिनिटं असल्यामुळे तो एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला मध्यरात्री सर्वांत उंच येतो. जमिनीवरून बघायचा तर तेच दिवस.

आणि नेमक्या त्याच दिवसांत वेबला तो दिसत नाही! सूर्यढालीची सावली टिकवायची तर वेबला सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच बघता येतं. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेचं आकाश, जे जमिनीवरच्या दुर्बिणीला सगळ्यात सोयीचं, तेच वेबला वर्ज्य. वॅस्प-३९ साठी वेबच्या खिडक्या ढोबळमानाने जानेवारीअखेर ते मार्चचा मध्य आणि जूनचा मध्य ते ऑगस्टची सुरुवात अशा पडतात. १० जुलै ही तारीख दुसऱ्या खिडकीतली. दोन्हीकडून एकाच वेळी निरीक्षण हवं असेल तर ही गाठ आधीच सोडवावी लागते.

त्यावर ग्रहाचं स्वतःचं वेळापत्रक. वॅस्प-३९ चा ग्रह ४.०५५ दिवसांत, म्हणजे ४ दिवस १ तास २० मिनिटांत, एक फेरी मारतो. त्यामुळे एखाद्या वेधशाळेत आज रात्री दहाला अधिक्रमणाचा, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याचा, मध्य आला तर पुढचा चार दिवसांनी अकरा-वीसला येतो, त्यानंतरचा पाऊण वाजता. थोड्याच फेऱ्यांत तो पहाटेत आणि मग दिवसात सरकतो, आणि पुन्हा रात्री दहाला यायला सुमारे ७३ दिवस लागतात. एवढ्यात हंगाम उलटून जातो. दोन रात्री ढगाळ गेल्या तर वर्ष गेलं असं जे म्हणतात त्यामागे हे गणित आहे.

आणखी एक बारकावा. आवर्तकाळात फक्त एका सेकंदाची चूक असली तरी पाच वर्षांत साधारण ४५० फेऱ्या होतात आणि चूक साडेसात मिनिटांवर जाते. अवकाश दुर्बिणीचे मोलाचे तास चुकीच्या वेळी सुरू होऊ नयेत म्हणून लहान दुर्बिणीवाले हौशी निरीक्षक अधिक्रमणांच्या वेळा सतत ताज्या करत राहतात. युरोपच्या आगामी एरियल मोहिमेसाठी एक्सोक्लॉक नावाचा प्रकल्प हेच काम जगभरातल्या हौशी आणि व्यावसायिक निरीक्षकांकडून करून घेतो. २०-२५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून केलेलं काम थेट अवकाश मोहिमेच्या उपयोगी पडतं, ही मला या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

चौथी पायरी: वेळ मागा

मोठ्या दुर्बिणीवर वेळ विकत मिळत नाही, प्रस्ताव लिहून मिळवावा लागतो. बहुतेक वेधशाळा वर्षातून एकदा किंवा दोनदा प्रस्ताव मागवतात. वेबच्या प्रस्तावांच्या चौथ्या फेरीत सुमारे २,४०० प्रस्ताव आले आणि मागितलेले तास उपलब्ध तासांच्या जवळपास नऊपट होते.

प्रस्तावाचे दोन भाग असतात. शास्त्रीय भागात प्रश्न का महत्त्वाचा आणि हीच दुर्बीण का, हे सांगायचं. तांत्रिक भागात प्रत्येक मिनिटाचा हिशेब. त्यासाठी प्रत्येक वेधशाळा ‘एक्स्पोजर टाइम कॅल्क्युलेटर’ पुरवते. ताऱ्याची प्रत, वर्णपटाचा प्रकार, गाळणी (ठरावीक रंगाचाच प्रकाश जाऊ देणारा फिल्टर), सीइंग, चंद्र ही माहिती भरली की किती वेळात किती अचूकता मिळेल ते कळतं. पहिल्या पायरीतला वर्गमुळाचा हिशेब इथे कामी येतो, कारण यंत्राने दिलेलं उत्तर साधारण बरोबर आहे का हे आपल्याला मनातल्या मनात पडताळता यायला हवं.

नवखे लोक प्रकाश कमी पडण्याची काळजी करतात, पण जास्त होण्याचीही करावी लागते. संवेदकाचा प्रत्येक पिक्सेल ठरावीक भार धरतो, त्यापुढे तो संपृक्त होतो आणि मोजमाप बाद. वॅस्प-३९ सारखा बाराव्या प्रतीचा ताराही वेबच्या निअरस्पेक या वर्णपट घेणाऱ्या उपकरणाच्या प्रिझमला इतका तेजस्वी पडला की छोट्या तरंगलांबीकडचा काही भाग संपृक्त झाला. ४.३ मायक्रॉनचा भाग मात्र शाबूत होता, आणि हवा होता तोच.

तांत्रिक भागात ‘आधीचा डेटा का पुरत नाही’ हे लिहायला विसरू नये. संग्रहात आहे तेच निरीक्षण पुन्हा मागणारा प्रस्ताव पहिल्या चाळणीत गळतो. निवड समितीत त्या-त्या विषयातले शास्त्रज्ञच असतात. हबलने २०१८ मध्ये अर्जदाराचं नाव परीक्षकांपासून लपवायला सुरुवात केली आणि वेबसह इतरांनीही ती पद्धत उचलली. नावापेक्षा मांडणी बोलायला हवी, त्यामुळे हा बदल मला फार योग्य वाटतो.

एक वाट वेगळी असते. प्रत्येक वेधशाळेच्या संचालकाकडे स्वतःच्या अधिकारातला थोडा वेळ असतो. हबलचं काम पाहणाऱ्या संस्थेचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी डिसेंबर १९९५ मध्ये हबलचा असा वेळ आकाशाच्या एका रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्याला दिला. दहा दिवसांत ३४२ एक्स्पोजर घेतले आणि त्या तुकड्यात सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या.

पाचवी पायरी: जमिनीवरची रात्र

वेळ मंजूर झाला. आता दोन शक्यता. एक, तुम्ही स्वतः वेधशाळेत जाता. दोन, निरीक्षणाचा तपशीलवार आराखडा भरून देता आणि तिथले लोक योग्य हवामान पाहून तो उरकतात. दुसरी पद्धत आता जास्त चालते, कारण उत्तम सीइंगची रात्र ज्या कामाला खरंच हवी त्यालाच देता येते. लडाखमधल्या हानले इथे ४,५०० मीटरवर असलेली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण तर बेंगळुरूजवळच्या होसकोटे इथून उपग्रहामार्फत चालवतात.

कामाची सुरुवात दुपारी होते. आधी ‘बायस’ चौकटी (चौकट म्हणजे संवेदकाने टिपलेलं एक चित्र): शून्य सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे संवेदक आणि त्याची इलेक्ट्रॉनिक्स स्वतःहून किती आकडा देतात ते. मग गरज असेल तर ‘डार्क’, म्हणजे झडप बंद ठेवून निरीक्षणाएवढाच वेळ. सूर्यास्ताच्या सुमारास घुमट उघडतात, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाला नाही तर दुर्बिणीच्या आतच सीइंग बिघडतं.

यानंतरची काही मिनिटं सगळ्या संध्याकाळीतली सर्वांत घाईची. ‘फ्लॅट’ घ्यायचे असतात. संवेदकाचे सगळे पिक्सेल सारखे संवेदनशील नसतात, कुठे धुळीचा कण बसलेला असतो, कडेला प्रकाश कमी पडतो. हे सगळं टिपायला एकसारखा उजळ पडदा हवा, आणि संधिप्रकाशातलं आकाश हा सर्वांत चांगला पडदा. आकाश फार उजळ असताना चौकट संपृक्त होते, फार काळोख झाला की तारे उमटतात. मधली वेळ पकडायची. पहिली चौकट एक-दोन सेकंदांची, पिक्सेलची क्षमता साधारण निम्मी भरेल अशी. आकाश झपाट्याने मावळत असतं, म्हणून पुढची तीन सेकंदांची, मग पाच, मग नऊ. दर चौकटीनंतर दुर्बीण किंचित सरकवायची, म्हणजे चुकून एखादा तारा आलाच तर तो प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी पडेल आणि नंतर मध्यक काढताना आपोआप गळेल. प्रत्येक गाळणीसाठी हे सगळं पुन्हा, आणि हातात वेळ जेमतेम.

काळोख पडला की फोकस. वेगवेगळ्या फोकसवर चौकटी घ्यायच्या आणि ताऱ्याचं बिंब सर्वांत बारीक कुठे येतं ते पाहायचं. मग लक्ष्याकडे वळायचं आणि आधीच छापून ठेवलेल्या नकाशाशी ताऱ्यांची मांडणी ताडून पाहायची. बाराव्या प्रतीच्या ताऱ्याशेजारी तसलाच दुसरा असणं नेहमीचंच, त्यामुळे ही पायरी घाईत करू नये.

अधिक्रमणासाठी एक उलटी वाटणारी युक्ती आहे. तारा तेजस्वी असेल तर फोकस मुद्दाम थोडा घालवतात. प्रकाश शेकडो पिक्सेलांवर पसरतो, एकही संपृक्त होत नाही, आणि एखाद्या पिक्सेलच्या खोडीचा परिणाम वाटला जातो. तारा रात्रभर त्याच पिक्सेलांवर राहावा म्हणून मार्गदर्शक ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची गती सतत सुधारत राहायची. अधिक्रमण २.८ तासांचं, पण त्याच्या आधी आणि नंतरचा निदान तासभर तरी टिपायला हवा. नेहमीचा उजेड किती हे कळलं नाही तर घट कशातून वजा करणार?

चौकटीत लक्ष्याबरोबर तीन-चार शांत, जवळपास सारख्याच रंगाचे तारे असायलाच हवेत. पातळ ढग आला, तारा खाली उतरू लागला, तर सगळेच मिळून मंदावतात. लक्ष्याचा प्रकाश या शेजाऱ्यांच्या प्रकाशाने भागला की हवेचा परिणाम बहुतांशी कटतो. घड्याळ उपग्रहावरून किंवा इंटरनेटवरून जुळवलेलं ठेवायचं. नोंदवहीत ढग, वारा, आर्द्रता, सीइंग सगळं लिहायचं. आर्द्रता ८५-९० टक्क्यांकडे गेली की घुमट बंद करावाच लागतो, मग अधिक्रमण अर्ध्यावर असलं तरी.

रेडिओ दुर्बिणींची रात्र अशी नसतेच, कारण त्यांना दिवसाही काम करता येतं. पुण्याजवळ खोडद इथल्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत आणि सगळ्या मिळून एका अवाढव्य दुर्बिणीसारख्या काम करतात. तिथे ठरावीक वेळाने लक्ष्य सोडून जवळच्या ओळखीच्या रेडिओ स्रोताकडे वळावं लागतं, नाहीतर तबकड्यांमधली जुळणी ढळते. ढगांची फिकीर नसते, मोबाइल आणि उपग्रहांच्या लहरींची मात्र असते.

सहावी पायरी: अवकाशातली ‘रात्र’

इथे दुर्बीण कोणी हाताने वळवत नाही. सगळा आराखडा काही महिने आधी एका सॉफ्टवेअरमध्ये भरलेला असतो: कुठलं उपकरण, किती एक्स्पोजर, ग्रह कक्षेत कुठे असताना सुरुवात करायची. वेधशाळेचे नियोजक शेकडो आराखडे एकात एक गुंफतात आणि आज्ञांची मालिका वर पाठवतात.

वेबवर एका भेटीचा क्रम असा असतो. दुर्बीण लक्ष्याकडे वळते, थरथर शमू देते. मार्गदर्शक संवेदक यादीतला तारा शोधतो. तो सापडला नाही तर ती भेट सोडून दुर्बीण पुढच्या कामाला लागते, कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. सापडला तर लक्ष्य उपकरणाच्या बारीक फटीत आणलं जातं आणि मग तासन्‌तास, न हलता, छोट्या-छोट्या एक्स्पोजरची रांग. डेटा दुर्बिणीवरच साठतो आणि कॅलिफोर्निया, स्पेन, ऑस्ट्रेलिया इथल्या मोठ्या ॲन्टेनांकडे ठरल्या वेळी उतरतो.

हबलची तऱ्हा निराळी. ती ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरते आणि त्यातला निम्म्याजवळ वेळ पृथ्वीच आड येते. म्हणून तिचा वेळ तासांऐवजी फेऱ्यांत वाटतात. दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्यातून जाताना उपकरणांना निरीक्षण थांबवावं लागतं. त्यामुळे हबलने घेतलेल्या अधिक्रमणाच्या आलेखात नेहमी फटी असतात. वेबच्या सलग आठ तासांचं मोल इथे कळतं.

एखादी घटना सांगून येत नाही, तेव्हा हे सगळं वेळापत्रक मोडायची सोयही असते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. सुमारे अकरा तासांनी चिलीतल्या अवघ्या एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका शोधून काढला. जागा कळल्यावर हबल, चंद्रा आणि रेडिओ दुर्बिणी तिकडे वळल्या. मोठ्या यंत्रांना पत्ता लहान दुर्बिणीने दिला.

सातवी पायरी: कच्च्या आकड्यांतून उत्तर

दुर्बिणीतून येतं ते चित्र नसतं, आकड्यांचं जाळं असतं. जगभर ते फिट्स नावाच्या फाइलमध्ये साठवतात आणि निरीक्षणाची वेळ, गाळणी, दिशा हा तपशील फाइलच्या माथ्यावर असतो. जमिनीवरच्या चौकटींचा क्रम ठरलेला: बायस वजा करा, डार्क वजा करा, फ्लॅटने भागा. मग ताऱ्याभोवती वर्तुळ आखून आतला प्रकाश मोजा, बाहेरच्या कड्यातून आकाशाची पार्श्वभूमी काढून वजा करा, शेजारच्या ताऱ्यांनी भागा.

वेळेची दुरुस्ती शेवटी पण न चुकता करायची. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे त्याच ताऱ्याचा प्रकाश वर्षात कधी आठ मिनिटं लवकर पोचतो तर कधी आठ मिनिटं उशिरा. म्हणून सगळ्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला आणून ठेवतात. अवकाश दुर्बिणींचा डेटा यांतल्या बऱ्याच पायऱ्या आपोआप पार करून मिळतो, पण तयार फाइलवर डोळे झाकून विसंबू नये. वॅस्प-३९ च्या डेटावर वेगवेगळ्या गटांनी आपापल्या पद्धतीने काम केलं आणि सगळ्यांना ४.३ मायक्रॉनचा उंचवटा दिसला, तेव्हा कुठे तो निष्कर्ष जाहीर झाला.

तुम्ही स्वतः आता काय करू शकता

निरीक्षण करणाऱ्या गटाला सहसा काही महिने डेटा राखून ठेवता येतो, त्यानंतर तो सगळ्यांना खुला होतो. वेबचं वॅस्प-३९ वरचं हे काम तर पहिल्या दिवसापासूनच सर्वांसाठी खुलं ठेवायचं ठरलेलं होतं. वेब आणि हबलचा संग्रह ‘मास्ट’ नावाने ओळखला जातो आणि त्यात शोधायला पैसे लागत नाहीत. तिथे ताऱ्याचं नाव टाका, मोहीम म्हणून वेब निवडा आणि कार्यक्रम क्रमांक १३६६ शोधा. निअरस्पेक प्रिझमची १० जुलै २०२२ ची फाइल घ्या. कच्च्या फाइलपासून सुरुवात करू नका, ती प्रचंड असते आणि उत्साह मावळतो. वेळेनुसार काढलेले एकमितीय वर्णपट असलेली फाइल घ्या आणि पायथनमधल्या ॲस्ट्रोपाय संचाने ती उघडा.

मग ४.२ ते ४.४ मायक्रॉनमधल्या प्रकाशाची बेरीज करून वेळेसमोर मांडा, आणि तसाच दुसरा आलेख ३.७ ते ३.९ मायक्रॉनचा काढा. अधिक्रमणाआधीच्या सरासरीने दोन्ही भागा. एकेक बिंदू विस्कटलेला दिसला तर वीस-तीस बिंदूंची सरासरी घ्या, वर्गमुळाचा नियम इथेही लागू आहे. दोन्ही आलेखांत साधारण दोन टक्क्यांचा खळगा दिसेल, आणि पहिला दुसऱ्यापेक्षा जरासा खोल असेल.